पाठीमागे बांधलेले हात

माझ्या बिल्ल्यावर दोन ओळी :
वर नाव, यास्ना लेपीओ,
खाली त्याहून ठळक, विद्यार्थिनी.
कास्त्रोच्या धक्क्यावरून आरोग्याची लाँच सुटते
तेव्हा उजाडायचं असतं अजून.
नावाडी एलिसेओ मला डॉक्टरीणबाई म्हणतो
आणि स्वतःच हसतो.

एर्सिलिया बार्रीया,
एकतीस वर्षं याच पाण्यावर परिचारिका,
शिकवत काही नाही.
माझ्या मागे उभी राहते
हात पाठीशी बांधून,
एवढंच.

पहिल्या पंधरवड्यात मला त्या हातांचा राग यायचा.
दोन्या क्लोरिंदाची शीर बोटाखालून निसटायची,
दोनदा टोचलं,
तिसऱ्यांदा सुईच थरथरली,
ते हात काही पुढे आले नाहीत.
शेवटी म्हातारीच म्हणाली,
सावकाश, पोरी,
लोकरसुद्धा घाई केली की गुंतते.

मग मी एर्सिलियाची नक्कल करू लागले.
दारात तिच्यासारखं घसा खाकरणं,
गरोदर बाईच्या पोटाला हात लावण्याआधी
तो चुलीवर शेकून घेणं,
तिचं ते "बरं, बघू या."
रात्री वसतिगृहाच्या आरशासमोर म्हणून पाहिलं :
बरं, बघू या.
दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं,
खांद्यात सैल, बाह्यांत लांब.
आईला फोनवर सांगितलं, छान चाललंय.

जूनमधला गुरुवार. तिसरं बेट.
तिथे नावेलकीन दोघे आहेत,
रोसेन्दो आणि रोसामेल, चुलता-पुतण्या,
एकाला रक्तदाब, एकाला मधुमेह.
बेट सोडून वीस मिनिटं झाली होती.
पेटी आवरताना एक पाकीट उरलं
जे उरायला नको होतं.

कुणी पाहिलं नव्हतं.
एर्सिलिया पाण्याकडे बघत होती.
झाकण लावता आलं असतं,
तीन आठवड्यांनी, पुढच्या फेरीला,
गुपचूप बदलता आलं असतं.
मी तसं केलं नाही, हे आज लिहिणं सोपं;
मनात मात्र
दहा-बारा लाटा जाईपर्यंत
मी ते केलेलं होतं.

"लाँच वळवा."
घसा न खाकरता आलेला हा आवाज
कुणाचा, हे मलाच क्षणभर कळेना.
एलिसेओनं ओहोटीला, मला, सरकारला
एका दमात शिव्या घातल्या
आणि सुकाणू फिरवलं.
धक्क्याला लागता येईना, पाणी उतरलेलं.
बूट हातात घेऊन गुडघाभर चिखलातून गेले,
शिंपल्यांनी तळवा कापला,
तेही नंतर कळलं.

रोसामेल टेबलाशी बसलेला,
पाकीट समोर, न फोडलेलं.
जेवल्यावर घ्या असं तूच म्हणालीस, तो म्हणाला,
आणि बटाटे अजून शिजायचेत.
मी म्हणाले, माझी चूक झाली.
चुलत्याकडचं पाकीटही आणलं,
अदलाबदल केली, दोघांच्या समोर,
नावं मोठ्यानं वाचून.
पुरं नाव. जन्मतारीख.
चुलता म्हणाला, एवढं तर पाद्रीही विचारत नाही.

परतताना एर्सिलियानं नोंदीचा कागद दिला.
काय घडलं. केव्हा. कुणाकडून.
त्याखाली, पद.
मी विद्यार्थिनी लिहिलं.
तो शब्द इतके दिवस
आडोसा म्हणून वापरत होते मी;
त्या कागदावर त्यामागे लपायला जागा नव्हती.
तिनं वाचलं, सही केली,
शाबास म्हणाली नाही, रागावलीही नाही.
खिडकीच्या काचेवर मीठ सुकत होतं.

मग बाकाखालून तिनं
स्वतःची पेटी माझ्याकडे सरकवली,
उद्याच्या बेटांची, तिनं पहाटे भरलेली.
"मोज," ती म्हणाली,
"माझंही चुकलं असेल."
तिचे हात मांडीवर होते,
थोडे सुजलेले, नखं अगदी कापलेली.
मी ते पहिल्यांदाच समोरून पाहत होते.

अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस.
पाचव्या पाकिटात सत्तावीस निघाल्या.
पुन्हा मोजल्या.

सांगितलं.